वि. स. पागे

विठ्ठल सखाराम पागे (२१ जुलै १९१० – १६ मार्च १९९०) हे महाराष्ट्रातील स्वातंत्र्यसैनिक, गांधीविचाराचे कार्यकर्ते, लेखक आणि संसदपटू होते. १९६० ते १९७८ अशी सलग अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून ते ओळखले जातात. दुष्काळी मुलखातील मजुराने काम मागितले, तर ते देणे शासनावर बंधनकारक असले पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला. त्याचा पहिला प्रयोग सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झाला आणि पुढे त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

जन्म आणि परिसर

पागे यांचा जन्म वाळवा तालुक्यातील बागणी येथे झाला. तासगाव तालुक्यातील विसापूर हे त्यांचे गाव. त्या काळी ही दोन्ही गावे सातारा जिल्ह्यात होती. १९४९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पागे यांच्या पिढीला मात्र सातारा आणि सांगली असा भेद फारसा जाणवत नसे. कृष्णेच्या खोऱ्यातील हा सारा मुलूख त्यांच्या लेखी एकच होता.

या मुलखाचा स्वभाव ध्यानात घेतल्याशिवाय पागे यांच्या कार्याचा उगम कळत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस शंभर किलोमीटरच्या आत माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ आणि जत हा पर्जन्यछायेचा पट्टा आहे. कृष्णाकाठच्या वाळवा व मिरज भागांत ऊस उभा असतो, तर पूर्वेकडे हलक्या माळरानावर बाजरी आणि जेथे जमिनीत ओल टिकते तेथे रब्बी ज्वारी, एवढाच शेतकऱ्याचा आधार असतो. तासगाव तालुका या दोहोंच्या सीमेवर आहे. त्यातून वाहणारी येरळा नदी पावसाळा सरला की कोरडी पडते.

अशा भागात पाऊस चुकला म्हणजे दोन संकटे एकदम येतात. शेतकऱ्याचे पीक जाते आणि त्याच वेळी शेतमजुराची मजुरीही जाते. पेरणी नाही म्हणून खुरपणी नाही, खुरपणी नाही म्हणून काढणी नाही. बाजारात धान्य येते, पण ते विकत घेण्याइतका पैसा मजुराच्या हाती नसतो. पावसाचे वर्ष चांगले असले, तरी माघ-फाल्गुनापासून मृगापर्यंतचे महिने कोरडवाहू गावातील भूमिहीनाला रिकामे जातात. यावर या मुलखाने स्वतःपुरता एक उपाय शोधला होता. तो म्हणजे गाव सोडणे. पाटण, माण व खटावकडील माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोद्यांत गेली, खानापूर व आटपाडीकडील माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पांगली, तर जतकडील कुटुंबे ऊसतोडीला जाऊ लागली. ज्यांना हेही साधत नसे, ते गावातच राहत आणि अर्धपोटी राहत.

स्वातंत्र्य चळवळ आणि विधिमंडळ

तरुण वयातच पागे स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले आणि त्यांनी कारावासही भोगला. सातारा जिल्हा त्या काळी चळवळीचा बालेकिल्ला होता. १९४२ नंतर येथेच प्रतिसरकार उभे राहिले. पागे यांचा पिंड मात्र सत्याग्रही आणि रचनात्मक कार्याचा होता. गांधीजी आणि विनोबा यांचा विचार, त्याच्या जोडीला संतवाङ्मय, या दोन गोष्टींनी त्यांचे मन घडवले. त्यांनी काव्य आणि गद्य असे दोन्ही प्रकारचे लेखन केले.

स्वातंत्र्यानंतर ते काँग्रेसच्या वतीने विधिमंडळात आले. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर काही आठवड्यांतच, जुलै १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले. सभापतीला पक्षीय राजकारणापासून दूर राहावे लागते. त्याच्याकडे कोणतेही खाते नसते, निधी नसतो, अधिकाऱ्यांना आदेश देण्याचा अधिकारही नसतो. राज्याच्या सर्वांत मोठ्या कल्याणकारी योजनेची कल्पना अशा पदावरील व्यक्तीकडून यावी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पागे यांच्याजवळ होते ते एवढेच: मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिता येईल इतका अधिकार आणि कोणत्याही पक्षाने ऐकून घ्यावे इतका नैतिक मान.

कल्पनेचा उगम

योजनेच्या जन्माची एक हकिकत सांगितली जाते. विसापूरच्या घरच्या शेतीवर मजूर लावण्यासाठी पागे यांच्या पत्नीने काही रक्कम मागितली. ती रक्कम काही शे रुपयांची होती. तेवढ्या पैशांत किती मजुरांना किती दिवस काम मिळते, हे पाहिल्यावर पागे यांच्या मनात पुढचा हिशेब सुरू झाला. एका शेतावर एवढे होत असेल, तर राज्याने काही कोटी रुपये बाजूला काढले तर किती हातांना काम मिळेल? हा हिशेब त्यांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना कळवला. हकिकतीचे तपशील निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आढळतात. हिशेबाची रीत मात्र पागे यांच्या एकंदर विचारपद्धतीशी जुळणारी आहे. दारिद्र्याविषयी मोठमोठे सिद्धांत मांडण्याऐवजी ते मजुरीचे दिवस मोजत असत.

काळही अशा विचाराला अनुकूल होता. १९६५ आणि १९६६ ही देशभर दुष्काळाची वर्षे होती. अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर देशाची भूक भागत होती. महाराष्ट्रात नाईक यांनी अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेचा जाहीर पण केला होता. संकरित ज्वारी, विहिरी आणि पंप यांवर सरकारचा भर होता. हा मार्ग धान्य वाढवण्याचा होता आणि तो आवश्यकही होता. परंतु ज्याच्याकडे जमीन नाही किंवा असून पाणी नाही, त्याच्या घरात हे वाढीव धान्य कोणत्या वाटेने पोहोचणार, याचे उत्तर त्यात नव्हते. पागे यांची योजना ही ती वाट होती.

विसापूरचा प्रयोग

१९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूर परिसरात एकात्मिक क्षेत्र विकासाचा प्रयोग सुरू झाला. जो काम मागेल त्याला काम द्यायचे आणि ते काम गावच्या मातीपाण्याचे असावे, असे त्याचे सूत्र होते. बांधबंदिस्ती, नाल्यांना बांध आणि जमीन सुधारणा यांसारख्या कामांतून मजुराच्या हाती पैसा यावा आणि त्याच श्रमातून शिवाराची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढावी, अशी कल्पना होती. आज दिलेले काम उद्याच्या शेतीत मजुरी निर्माण करील आणि हळूहळू काम मागणाऱ्यांची संख्या कमी होईल, असा त्यामागे विश्वास होता.

१९६९ नंतर हा प्रयोग इतर जिल्ह्यांतील निवडक भागांत नेण्यात आला. आरंभीच्या काळात लोक तिला पागे योजना म्हणत. त्याच सुमारास पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दारिद्र्य हटवायचे तर ग्रामीण भागात सार्वजनिक कामांवर रोजगार पुरवला पाहिजे, हा त्याचा एक प्रमुख निष्कर्ष होता. दांडेकर हे जन्माने साताऱ्याचे. अर्थशास्त्रज्ञ आकडेवारीतून आणि पागे अनुभवातून एकाच ठिकाणी पोहोचले होते.

जुनी दुष्काळी कामे आणि नवी कल्पना

दुष्काळात सरकारने कामे काढणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नव्हती. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये अशी कामे निघाली होती. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी एवढी कमी केली की, पुरुषाला दिवसभराच्या कष्टाबद्दल सुमारे एक पौंड धान्य आणि एक आणा मिळू लागला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या दराविरुद्ध आवाज उठवला आणि अनेक ठिकाणी मजुरांनी कामांवरून निघून जाणे पसंत केले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या. पिकांची आणेवारी पाहावी, कसोटी म्हणून कामे काढून पाहावीत, माणसे गोळा झाली तर दुष्काळ जाहीर करावा आणि पाऊस पडताच कामे बंद करावीत, अशी ती रीत होती. स्वातंत्र्यानंतरही तिचा सांगाडा कायम राहिला.

या रीतीत दुष्काळ आहे की नाही हे सरकार ठरवत असे. पागे यांच्या कल्पनेतील नावीन्य नेमके येथे होते. काम सुरू होण्यासाठी दुष्काळ जाहीर होण्याची गरज नाही, मजुराची मागणी पुरेशी आहे. कचेरीतील आणेवारीपेक्षा उपाशी माणसाचा अर्ज अधिक विश्वसनीय मानणारी ही व्यवस्था होती. काम कष्टाचे आणि मजुरी बेताची असल्यामुळे ज्याला खरोखर गरज आहे तोच तेथे येईल, म्हणून गरीब कोण हे शोधण्याच्या याद्याही नकोत. राज्यघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, कलम ४१ मध्ये, कामाच्या हक्काचा उल्लेख आहे. परंतु तो राज्याच्या आर्थिक कुवतीवर सोडलेला आहे आणि न्यायालयात मागता येत नाही. पागे यांना तो मागता येण्याजोगा करायचा होता.

१९७२ चा दुष्काळ

१९७२ मध्ये राज्याने रोजगार हमी योजना हाती घेतली, पण ती रुजण्यापूर्वीच दुष्काळ येऊन धडकला. १९७० पासून पाऊस कमी होत गेला होता. १९७२ च्या पावसाळ्याने पूर्ण दगा दिला. राज्यातील सुमारे अडीच कोटी लोकांना त्याची झळ पोहोचली आणि धान्याचे उत्पादन काही वर्षांपूर्वीच्या निम्म्याहून खाली आले. सातारा आणि सांगलीच्या पूर्व भागात विहिरींनी तळ गाठले. जनावरे मोठ्या संख्येने दगावली किंवा मातीमोल विकली गेली. हमी योजना बाजूला ठेवून सरकारने जुन्या पद्धतीची दुष्काळी कामे प्रचंड प्रमाणावर उघडली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसे होती. जगात तोवर एवढ्या मोठ्या प्रमाणावर कामाच्या रूपाने मदत क्वचितच दिली गेली असेल.

त्या दिवसांची आठवण आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात निघते. परदेशातून आलेली लालसर मिलो ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, रस्त्याच्या कडेला रचलेले खडीचे ढीग आणि तान्ह्या मुलांना झाडाखाली झोळीत टाकून घमेली उचलणाऱ्या स्त्रिया. उपासमारीने मोठ्या प्रमाणावर मृत्यू मात्र झाले नाहीत. एका शतकापूर्वीच्या दुष्काळाशी तुलना केली, तर हा फरक फार मोठा आहे. मजुराच्या हाती नियमित रोकड पडली, की तो शिधावाटप दुकानातून किंवा बाजारातून धान्य घेतो आणि व्यापारीही धान्य तेथवर आणतो, हे या वर्षाने दाखवून दिले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळ आणि दारिद्र्य यांवरील आपल्या ग्रंथात, दुष्काळबळी बहुधा धान्याच्या अभावाने नव्हे तर ते मिळवण्याची ऐपत गेल्यामुळे जातात, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्राच्या १९७३ च्या अनुभवाचा अभ्यास पुढे अनेक देशी-विदेशी संशोधकांनी याच दृष्टीने केला.

दुसरा धडा कडू होता. घाईघाईने काढलेल्या कामांत खडी फोडणे आणि कच्चे रस्ते यांचाच भरणा होता. माणसे जगली, पण एवढ्या श्रमांतून पुढचा दुष्काळ थोपवणारे फारसे काही उभे राहिले नाही. अनेक ठिकाणी खडीचे ढीग कित्येक वर्षे तसेच पडून होते. कामांचे आराखडे आधीच तयार हवेत आणि मातीपाण्याच्या कामांना अग्रक्रम हवा, हा विसापूरचा आग्रह आता राज्याला पटू लागला.

कायदा

दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. तिला पैसा कोठून आणायचा, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. शिक्षक, कारकून, कामगार, डॉक्टर, वकील, दुकानदार अशा सर्वांवर हा कर बसला. पगारपत्रकावर दरमहा दिसणारी ती छोटीशी कपात कशासाठी आहे, हे पुष्कळांना निवृत्त होईपर्यंत ठाऊक नसते. मोटार वाहने, विक्री कर, जमीन महसूल आणि बागायती जमिनी यांवरही जादा आकार लावण्यात आला. करांतून जितकी रक्कम जमेल, तितकीच भर राज्याने घालायची होती. कराचा मोठा वाटा मुंबईतून येत असे. गावातून पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसांच्या शहराने गावात मागे राहिलेल्यांच्या मजुरीचा भार उचलावा, असा हा व्यवहार होता.

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ सर्व पक्षांच्या पाठिंब्याने विधिमंडळात संमत झाला. त्या वेळी सांगलीचेच वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते आणि परिषदेच्या सभापतिपदी स्वतः पागे होते. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अंमलात आला. तोवर पागे यांची सभापतिपदाची कारकीर्द संपली होती. कामाच्या हक्काला कायद्याचे बळ देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

योजनेची रचना

ग्रामीण भागात तसेच क वर्ग नगरपरिषदांच्या हद्दीत राहणाऱ्या आणि अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीस या कायद्याने कामाचा हक्क दिला. मजुराने आधी नाव नोंदवायचे आणि मग कामाची मागणी करायची. मागणीपासून १५ दिवसांच्या आत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देय होता. तो दिवसाला अवघा एक रुपया एवढा होता. भत्त्याची रक्कम नगण्य असली, तरी तो द्यावा लागणे म्हणजे काम पुरवण्यात यंत्रणा उणी पडल्याची कबुली ठरत असे. म्हणून अधिकारी काम काढणेच पसंत करत. व्यवहारात हा भत्ता फारच क्वचित दिला गेला.

नवे काम उघडण्यासाठी किमान ५० मजूर लागत. खर्चातील निदान ६० टक्के वाटा अकुशल मजुरीचा असावा, असा दंडक होता. कंत्राटदार आणि मोठी यंत्रे यांना त्यामुळे मज्जाव झाला. कामाचे मोजमाप करून मजुरी दिली जाई आणि स्त्री-पुरुषांचे दर समान होते. शेतीत बाईमाणसाची मजुरी गड्याच्या मजुरीपेक्षा कमी असण्याची रूढी सर्वत्र होती. सरकारी हजेरीपटावर ती प्रथमच मोडली. योजनेवरील मजुरांत स्त्रियांचे प्रमाण मोठे राहिले, त्याचे हे एक कारण आहे. पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांसाठी पाळणाघर यांचीही तरतूद होती, परंतु पाळणाघरे बव्हंशी कागदावरच राहिली. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती, वनीकरण आणि कालव्यांचे मातीकाम ही योजनेची मुख्य कामे होती. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख होते. १९७९-८० मध्ये योजनेवर सुमारे २० कोटी मनुष्यदिवस काम झाले.

टीका आणि संघर्ष

योजनेवर टीका पुष्कळ झाली आणि तिच्यातील बरीचशी योग्य होती. बनावट नावे भरलेले हजेरीपट, उशिरा होणारी मजुरी आणि चुकीचे मोजमाप या तक्रारी सतत येत राहिल्या. अर्धवट सोडलेली कामे जागोजागी दिसत. त्याहून मूलभूत आक्षेप असा की, पाझर तलाव बांधतो भूमिहीन मजूर, पण विहिरीला पाणी वाढते ते तलावाखालच्या जमीनमालकाच्या. खुद्द दांडेकर यांनीही योजनेच्या अंमलबजावणीची परखड चिकित्सा केली. पेरणी आणि काढणीच्या दिवसांत बागाईतदारांना मजूर कमी पडू नयेत म्हणून कामे बंद ठेवली जात, असाही आरोप होता. विसापूरच्या मूळ सूत्रात श्रम आणि त्याचे फळ एकाच गावात राहावे, एवढे अभिप्रेत होते. गावातल्या गावात ते कोणाच्या वाट्याला जाईल, हा प्रश्न त्यात सुटलेला नव्हता, हे मान्य करावे लागते.

योजनेच्या जन्मभूमीतच तिचा अर्थ पुढे नेण्याचा प्रयत्नही झाला. १९८२ च्या मुंबईतील गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यातील अनेक कामगार गावी परतले आणि रोजगार हमीच्या कामांवर जाऊ लागले. तेथून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. खडी फोडण्याऐवजी दुष्काळ कायमचा हटेल अशी कामे द्या, ही तिची मागणी होती. येरळेच्या काठावर बलवडी येथे लोकसहभागातून बांधलेले बळीराजा धरण हे त्या चळवळीचे फळ. पागे यांचा मार्ग विनंतीचा व समन्वयाचा होता, चळवळीचा मोर्चाचा. मागणी मात्र एकाच नदीखोऱ्यातून आली होती. हमी कायद्यात असल्यामुळेच मजुरांना मोर्चा काढून काहीतरी ठोस मागता आले, हेही खरे. एरवी दुष्काळी कामांवरील मजूर हा उपकृत असे.

अखेरची वर्षे

सभापतिपद सोडल्यानंतरही पागे योजनेच्या कामावर लक्ष ठेवून होते. हयातीच्या अखेरीस त्यांना तिची ओहोटीही पाहावी लागली. १९८८ मध्ये किमान वेतनाचे दर जवळपास दुप्पट झाले. योजनेची मजुरी त्या दरांशी जोडलेली असल्याने मजुराचा लाभ व्हायला हवा होता. प्रत्यक्षात खर्च आवरण्यासाठी नवी कामे उघडण्यात आखडता हात घेतला गेला आणि पुढच्या वर्षी मनुष्यदिवसांची संख्या १३ कोटींवरून सुमारे ८ कोटींपर्यंत घसरली. कायदा तोच, हक्क तोच, पण काम मागण्यासाठी दूर जावे लागले तर मागणीच नोंदली जात नाही आणि नोंदली न गेलेली मागणी सरकारला बांधून घेत नाही. हमी कायद्याने रद्द करावी लागत नाही, ती अशीही झिजते, हे अर्थतज्ज्ञांनी नंतर आकडेवारीने दाखवले.

१६ मार्च १९९० रोजी पागे यांचे निधन झाले. त्याच वर्षी राज्याने फळबाग लागवडीची योजना रोजगार हमीशी जोडली. त्यामुळे लहान शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात खड्डे खणण्याची आणि झाडे जगवण्याची मजुरी मिळू लागली. डाळिंब, बोर आणि आंबा यांच्या बागा कोरडवाहू तालुक्यांत दिसू लागल्या त्या यानंतर. आटपाडीचे डाळिंब पुढे बाजारात नावारूपाला आले.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा संमत केला आणि फेब्रुवारी २००६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. १५ दिवसांत काम, न दिल्यास भत्ता आणि मजुरीचा किमान ६० टक्के वाटा ही त्यातील कलमे महाराष्ट्राच्या कायद्यातूनच आलेली आहेत. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात कामाच्या दिवसांना वरची मर्यादा नव्हती, तर केंद्राच्या कायद्याने प्रत्येक कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली.

मुंबईच्या विधान भवनातील संसदीय प्रशिक्षण केंद्राला वि. स. पागे यांचे नाव देण्यात आले आहे. ज्या तालुक्यांसाठी त्यांनी हा हिशेब मांडला, तेथे पागे योजना हे नाव आता फारसे कोणी घेत नाही. मजूर त्याला हमीचे काम म्हणतात.